पुस्तकात ७१५, प्रत्यक्षात किती? : जुन्या हलक्या विमानांचा वेग आणि चढाई

सेसना १५२ हे दोन आसनांचे, एका इंजिनाचे छोटे विमान १९७७ ते १९८५ या काळात तयार झाले आणि त्यानंतर त्याचे उत्पादन कायमचे थांबले. म्हणजे आज उडणारे सर्वांत 'नवे' १५२ सुद्धा चाळिशीला टेकलेले आहे. तरीही भारतासह जगभरच्या वैमानिक-प्रशिक्षण संस्थांत हे विमान अजून रोज उडते, आणि त्याच्या हस्तपुस्तिकेतील दोन आकडे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. आठ हजार फुटांवर ७५ टक्के शक्तीने समतल उड्डाण केल्यास वेग १०७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १९८ किलोमीटर. आणि समुद्रसपाटीला चढाईचा दर मिनिटाला ७१५ फूट. प्रत्यक्षात विमानात बसल्यावर वेगाचा काटा नव्वदीत रेंगाळतो आणि उन्हाळी दुपारी चढाईचा काटा चारशेच्या आसपास अडकतो. मग पुस्तक खोटे की विमान मोडकळीस आलेले, असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. मात्र या तफावतीत एक गोष्ट जवळजवळ सर्वत्र दिसते: समतल उड्डाणातील वेगाची घट थोडी असते आणि चढाईतील घट मोठी असते. असे का होते, हे समजले की बाकीचा विषय बराचसा सोपा होतो.

आधी पुस्तकातले आकडे कोणत्या अटींवर उभे आहेत ते पाहू. ते नव्या कोऱ्या विमानाचे, नव्या इंजिनाचे आणि कारखान्याच्या कसलेल्या चाचणी-वैमानिकाचे आकडे आहेत. विमानाचे वजन कमाल, म्हणजे १५२ च्या बाबतीत १,६७० पौंड, सुमारे ७५७ किलो. हवा प्रमाणित, म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमान आणि १०१३ हेक्टोपास्कल दाब. इंधन आणि हवेचे मिश्रण पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पातळ केलेले. चाकांवर वाऱ्याचा रोध कमी करणारी आवरणे बसवलेली. सेसनाच्याच चार आसनी १७२ च्या पुस्तिकेत तर या आवरणांमुळे वेग सुमारे दोन नॉटने वाढतो, असे कंपनीने स्वतःच नमूद केले आहे. प्रशिक्षण संस्था ही आवरणे सहसा काढून ठेवतात, कारण त्यांत चिखल साचतो आणि ब्रेक तपासताना ती आड येतात. तेव्हा दोन नॉट कुठे गेले, याचे उत्तर पुष्कळदा हँगरच्या कोपऱ्यात पडलेले असते.

१९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुस्तिका आणखी सावधपणे वाचाव्या लागतात. त्यांत वेग बहुधा ताशी मैलांत दिलेला असतो, आणि एक नॉट म्हणजे ताशी १.१५ मैल. १२० हा आकडा नॉट समजून वाचला तर विमान विनाकारण सोळा नॉटने 'मंद' ठरते. जाहिरातीत मैलाचा आकडा मोठा दिसतो, हे त्या काळच्या विक्री विभागांना चांगले ठाऊक असावे.

यानंतर येतो मोजण्याचा प्रश्न. वेगाचा काटा हवेचा दाब मोजतो. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे त्याच खऱ्या वेगाला काटा कमी दाखवतो. आठ हजार फुटांवर प्रमाणित हवेत विमान खरोखर १०७ नॉटने जात असेल, तर काट्यावर सुमारे ९५ च दिसतील. पुस्तकातला क्रूझचा, म्हणजे स्थिर वेगाच्या समतल उड्डाणाचा, तक्ता खरा वेग सांगतो आणि डोळ्यांसमोरचा काटा दर्शवलेला वेग सांगतो. ही दोन परिमाणे एकमेकांशेजारी ठेवून केलेली तक्रार मुळातच टिकत नाही. उपग्रहाधारित यंत्रावरील वेगही थेट वापरता येत नाही, कारण तो जमिनीच्या सापेक्ष असतो आणि त्यात वारा मिसळलेला असतो. यावर सोपा उपाय म्हणजे एकाच उंचीवर, थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रकाला, हात न लावता, उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा चार दिशांना नाक ठेवून प्रत्येकी दोन-तीन मिनिटे उडायचे आणि जमिनीसापेक्ष वेगांची सरासरी काढायची. वीस नॉटचा वारा असला तरी या सरासरीत एखाद्या नॉटपेक्षा जास्त चूक उरत नाही. सकाळी लवकर, ऊन चढून हवा घुसळायला लागण्यापूर्वी हे केले तर उत्तर अधिक विश्वासार्ह येते.

आणखी एक काटा अनेकांच्या संशयातून सुटतो, तो म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर. या विमानांचा पंखा (प्रोपेलर) स्थिर कोनाचा असतो. त्याची पाती उड्डाणात फिरवून कोन बदलता येत नाही. त्यामुळे समतल उड्डाणातील वेग ढोबळमानाने फेऱ्यांच्या प्रमाणात बदलतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात. जुना यांत्रिक टॅकोमीटर पन्नास फेऱ्यांनी चुकत असेल, तर २,४५० समजून आपण २,४०० वर किंवा २,५०० वर उडत असतो. पन्नास फेऱ्यांचा फरक म्हणजे शक्तीत सुमारे सहा टक्के आणि वेगात दोन नॉट. जमिनीवर पंख्याकडे रोखून फेरे मोजणारे प्रकाशीय उपकरण अनेक कार्यशाळांत असते. त्याने एकदा ताळा करून घेतल्याशिवाय वेगाची कोणतीही तक्रार पुढे नेऊ नये, असे माझे मत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समतल उड्डाणात इंजिनाची सगळी शक्ती हवेचा रोध कापण्यात खर्च होते, आणि वेगवान उड्डाणात लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शक्ती दहा टक्क्यांनी घटली, तरी वेग साधारण साडेतीन टक्क्यांनीच घटतो: १०७ नॉटचे सुमारे १०३. चार नॉटची ही घट वैमानिकाच्या सहसा लक्षातही येत नाही. चढाईचा हिशेब मात्र संसारातल्या बचतीसारखा आहे. पगारातून घरखर्च वजा जाता जे उरते ती बचत. पगारात दहा टक्के कपात झाली आणि घरखर्च तेवढाच राहिला, तर बचतीत दहा टक्क्यांहून कितीतरी जास्त घट होते.

हेच आकड्यांत मांडू. १,६७० पौंडांचे विमान मिनिटाला ७१५ फूट वर न्यायचे, तर त्यासाठी निव्वळ ३६ अश्वशक्ती लागते. चढाईच्या वेगाला, म्हणजे ६७ नॉटला, विमान नुसते हवेत समतल तरंगत ठेवण्यासाठी आणखी सुमारे ३४ अश्वशक्ती लागते. बेरीज सत्तर. इंजिन तर ११० अश्वशक्तीचे. मग उरलेली गेली कुठे? चढाईत स्थिर कोनाचा पंखा पूर्ण २,५५० फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे इंजिन शंभराच्या आसपासच देते, आणि त्यातलीही जवळजवळ तीस टक्के शक्ती कमी वेगाला पंख्यातच वाया जाते. म्हणजे मिळकत ७०, खर्च ३४, शिल्लक ३६. इंजिन दहा टक्के थकले की मिळकत ६३ होते, खर्च तोच राहतो आणि शिल्लक २९ वर येते. चढाई ७१५ वरून पावणेसहाशेच्या आत, म्हणजे थेट वीस टक्क्यांनी घट. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा कल खरा आहे: जे इंजिन क्रूझमध्ये 'ठीकठाक' वाटते, तेच चढाईत उघडे पडते.

हवा गरम आणि विरळ झाली की हीच वजाबाकी आणखी कठोर होते. विरळ हवेत इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, पंख्याला रेटायला हवा कमी मिळते, आणि पंखांना तेवढाच उचल देण्यासाठी विमानाला अधिक खऱ्या वेगाने जावे लागते, म्हणून समतल उड्डाणाचा खर्चही थोडा वाढतो. मिळकत घटते आणि खर्च वाढतो, असा दुहेरी मार बसतो. हवेची ही स्थिती वैमानिक एका आकड्यात व्यक्त करतात: डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे प्रमाणित वातावरणात एवढी विरळ हवा ज्या उंचीवर सापडली असती, ती उंची. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट उंच आहे. प्रमाणित हिशेबाने तिथे सुमारे ११ अंश तापमान असायला हवे. मे महिन्याच्या दुपारी ते ४० अंश असते. प्रत्येक जादा अंशाला सुमारे १२० फूट धरले, तर डेन्सिटी अल्टिट्यूड ५,४०० फुटांच्या घरात जाते. म्हणजे धावपट्टीवर उभे असलेले विमान हवेच्या दृष्टीने कळसूबाईच्या माथ्यावर उभे असते. त्यात उन्हाळ्यात हवेचा दाबही प्रमाणापेक्षा कमी असतो. तो आठ हेक्टोपास्कलने कमी असला तरी आणखी दोन-अडीचशे फुटांची भर पडते.

१५२ च्या पुस्तिकेतील चढाईचा तक्ता या बाबतीत प्रामाणिक आहे, फक्त तो उघडून पाहावा लागतो. पाठ केलेला ७१५ हा आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंशांचा. दोन हजार फूट आणि ४० अंश या रकान्यात ५३५ छापलेले आहे. म्हणजे पुण्यातल्या मे महिन्यात नव्या विमानाकडूनही सातशेची अपेक्षा ठेवणे गैर आहे. त्यातून थकलेल्या इंजिनाचे सव्वाशे वजा केले की चारशेच्या थोडे वर येतो, आणि काट्यावर दिसतो तो हाच आकडा. विमानाच्या वयाच्या नावावर टाकली जाणारी निम्म्याहून अधिक घट प्रत्यक्षात उंचीची आणि उन्हाची असते.

किनाऱ्यावर उंचीचा प्रश्न नसला तरी दमटपणाचा असतो, आणि पुस्तकातील तक्ते तो धरत नाहीत. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. तीस अंशांच्या पूर्ण दमट हवेची घनता कोरड्या हवेपेक्षा दीड टक्क्याच्या थोडी वर कमी असते. हे किरकोळ वाटेल. परंतु इंजिनाच्या दृष्टीने वाफेने व्यापलेली जागा प्राणवायूला मिळत नाही, आणि ती जागा अशा हवेत चार टक्क्यांच्या आसपास असते. वरच्या बचतीच्या हिशेबात चार टक्के मिळकत गेली की चढाईतले पन्नास-साठ फूट गेले. जुहू किंवा गोव्याच्या पावसाळी सकाळी हे जाणवते.

आता वयाने खरोखर काय होते ते पाहू. इंजिनाचा ठरावीक तासांनी पूर्ण जीर्णोद्धार होतो, आणि १५२ च्या लायकॉमिंग इंजिनासाठी उत्पादकाने सुचवलेली ही मुदत २,४०० तासांची आहे. म्हणून विमानाचे वय आणि इंजिनाचे वय या वेगळ्या गोष्टी आहेत: चाळीस वर्षांच्या सांगाड्यात दोनशे तास चाललेले इंजिन असू शकते. सिलिंडरमधील दाबाची नियमित तपासणी होते आणि ती चांगली आली की मालक निश्चिंत होतो. पण ही तपासणी पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह गळत नाहीत ना, एवढेच सांगते. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचे उंचवटे झिजले असतील, तर व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही, सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते आणि शक्ती घटते. दाबाची तपासणी मात्र उत्तम येत राहते. बरेच दिवस न उडता उभी राहणारी विमाने या व्याधीला अधिक बळी पडतात, कारण तेलाचा थर ओघळून गेला की उघड्या पोलादावर गंज धरतो. मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची, वेळ किंचित सरकलेली असणे, हवेची गाळणी तुंबलेली असणे, सायलेन्सरच्या आतील पत्रे सुटून वाट अडणे, ही कारणे तुलनेने स्वस्तात दुरुस्त होतात, म्हणून आधी तीच पाहावीत.

शक्तीचा अंदाज घेण्याची एक साधी खूण पुस्तिकेतच दिलेली असते. ब्रेक लावून, वारा नसताना, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर १५२ चे इंजिन २,२८० ते २,३८० फेऱ्यांच्या दरम्यान असले पाहिजे. टॅकोमीटर बरोबर आहे याची खात्री असताना फेरे या पट्ट्याखाली असतील, तर इंजिन कमी ताकद देत आहे किंवा पंखा चुकीचा आहे. पंख्याविषयी बोलायचे तर, खड्यांनी पडलेले टवके कानशीने घासत-घासत वर्षानुवर्षे पात्याचा आकार बदलत जातो, आणि दुरुस्तीत कोन थोडा इकडे-तिकडे झाला तर चढाईला अनुकूल पंखा क्रूझला अनुकूल होतो किंवा त्याच्या उलट. स्थिर कोनाच्या पंख्यात दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

सांगाड्याच्या बाबतीत बारीकसारीक गोष्टींची बेरीज होते: पूर्ण वर न जाणारा फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची झडप), दरवाज्याच्या फटी, रंगावर रंग, बंद पडलेल्या जुन्या रेडिओ उपकरणांचे तसेच राहिलेले अँटेना. यांनी प्रामुख्याने क्रूझचा वेग खाल्ला जातो, कारण वाढत्या वेगाला असा रोध झपाट्याने वाढतो. इंजिनाभोवतीच्या रबरी पट्ट्या झिजल्या की थंड हवा सिलिंडरांवरून न जाता भलत्या वाटेने निसटते, तेलाचे तापमान चढते आणि वैमानिकाला नाक खाली घेऊन, ६७ ऐवजी ७५ नॉटने चढावे लागते. म्हणजे काही रुपयांच्या पट्ट्यांपायी चढाईचा दर जातो आणि दोष इंजिनाला लागतो.

वजनाचा परिणाम दाखवणारे उत्तम उदाहरण सेसनाच्याच चार आसनी १७२ मध्ये सापडते. १९७७ ते १९८० चे १७२-एन आणि १९८१ ते १९८६ चे १७२-पी या दोन्हींत १६० अश्वशक्तीचे इंजिन आहे. पण कमाल वजन २,३०० पौंडांवरून २,४०० वर नेले गेले. पुस्तकी क्रूझ १२२ नॉटवरून १२० वर आला, जेमतेम दोन टक्के घट. चढाई मात्र ७७० वरून ७०० वर, म्हणजे नऊ टक्क्यांनी खाली, आणि कमाल उंची १४,२०० वरून १३,००० फुटांवर आली. शंभर पौंड म्हणजे ४५ किलो, एका सडपातळ प्रवाशाचे वजन. जुन्या विमानाचे रिकामे वजन दुरुस्त्या, उपकरणे आणि रंग यांनी वर्षागणिक वाढते. कागदावरचे वजन शेवटचे वजनकाट्यावर कधी तपासले होते, हे विचारण्यासारखे आहे. आणि 'आमच्या १७२ ला जमते, तुमच्या १७२ ला का नाही' या वादाचे मूळही इथेच असते: १९५० च्या दशकातले १४५ अश्वशक्तीचे, १९६८ नंतरचे १५० चे, पुढचे १६० चे आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेले १८० चे, या सगळ्यांचे नाव एकच.

चढाईचा दर मिनिटाचा असतो; डोंगर मात्र अंतरावर असतो. म्हणून मिनिटाच्या आकड्याचे अंतरात रूपांतर करून पाहावे. समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेत १५२ दर सागरी मैलाला, म्हणजे १.८५ किलोमीटरला, सुमारे ६४० फूट चढते. पुण्याच्या मे दुपारी खरा वेग ७१ नॉटच्या आसपास जातो आणि चढाई ५३५ वर येते, तेव्हा हाच आकडा ४५० होतो. थकलेल्या विमानात ३५०. पुण्याहून कोकणाकडे जाताना पश्चिमेचा वारा सह्याद्रीच्या माथ्यावरून ओसरून पूर्वेच्या उतारावर खाली येतो, आणि समोरून घाटाकडे येणारे विमान नेमके त्याच उतरत्या हवेत शिरते. हवा मिनिटाला चारशे फुटांनी खाली जात असेल, तर चारशेने चढणारे विमान त्याच उंचीवर राहते, इंजिन पूर्ण शक्तीवर असूनही. येथे नियम जुना आणि स्पष्ट आहे: हवी ती उंची घाटापासून लांब असतानाच गाठावी.

आपल्या विमानाचा स्वतःचा तक्ता करायचा असेल, तर शांत सकाळी पूर्ण वजनाने, पुस्तकातल्या वेगाने, दोन हजारांपासून चार हजार फुटांपर्यंत घड्याळ लावून चढावे आणि बाहेरचे तापमान टिपून पुस्तकाच्या त्याच रकान्याशी तुलना करावी. चढाईचा काटा यासाठी वापरू नये. उंचीमापक आणि घड्याळ पुरेसे आहेत. येणारी तूट टक्क्यांत लिहून सर्व उंचींना तीच टक्केवारी लावण्याचा मोह होतो, पण तो हिशेब फसवा आहे. इंजिनाची तूट अश्वशक्तीत असते, त्यामुळे ती पुस्तकी दरातून फुटांतच वजा करायला हवी. समुद्रसपाटीला ७१५ मधून १४० फूट जात असतील, तर आठ हजार फुटांवर इंजिनच कमी शक्ती देत असल्यामुळे तूट शंभरापर्यंत उतरते; परंतु तिथे २० अंशांना पुस्तकी दरच ३२० आहे. खाली वीस टक्के वाटणारी तूट वर जवळजवळ एक तृतीयांश होते, आणि उरतात मिनिटाला २२० फूट.